लेखनिक

खरं सांगायचं तर मी प्रमाणपत्रासाठी गेले होते.
अकरावीची सुट्टी, उद्यमनगरात बाबांचं लेथ,
घरभर तेलाचा वास आणि आईचं एकच पालुपद :
"कुठंतरी जा की गं, भिंतीला टेकून बसू नकोस."

कॉलेजच्या फळ्यावर चिठ्ठी होती :
अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक हवेत.
अक्षर बरं हवं. मानधन नाही. चहा मिळेल.

त्याचं नाव तौफिक नदाफ, वडणग्याचा.
बी.ए.चं पहिलं वर्ष, पेपर इतिहासाचा.
पाच मिनिटांत म्हणाला, "तू डावरी हैस न्हवं?"
मी दचकले.
"हात अक्षरांवरनं घासत जातोय तुझा. ऐकू येतंय."

मग तो सांगत राहिला, मी लिहीत राहिले.
मान किंचित खिडकीकडे, जिथून
दसरा चौकातले रिक्षांचे हॉर्न यायचे,
आणि बोट बाकावर :
एक टिचकी स्वल्पविराम, दोन टिचक्या पूर्णविराम.
हे आमचं आम्हीच ठरवलं होतं.

प्रश्न चौथा. राखीव जागांचा करवीरचा जाहीरनामा.
"सन एकोणीसशे बारा," तौफिक म्हणाला.
टिच्. टिच्.

दोन.
एकोणीसशे दोन.
चौथीपासून पाठ आहे मला,
वक्तृत्व स्पर्धेत याच ओळीवर
स्टीलचा डबा मिळालाय, आई त्यात अजून मीठ ठेवते.

पेन कागदावर टेकून राहिलं.
पर्यवेक्षक बाई मागच्या रांगेत, चप्पल ओढत.
बाराचे दोन करायचे, एवढंच.
कुणाला दिसणार होतं?

पण पेन थांबल्याचं त्याला ऐकू गेलं.

"चुकलं व्हय माझं?"
मी गप्प. आणि गप्प बसणं
हेसुद्धा एक उत्तर असतं, ते त्या बाकावर कळलं.

"बरं," तो म्हणाला. "लिही बारा.
चूक माझी हाय. माझ्याच नंबरावर ऱ्हाऊ दे."

मी बारा लिहिलं.
इतकं सुबक अक्षर मी आजवर काढलं नव्हतं.

बाहेर चहा होता, आणि मऊ पडलेली खारी.
"शाई कुठली हुती?" त्यानं विचारलं.
निळी, म्हटलं.
"मला काळी वाटलेली," तो म्हणाला आणि हसला,
कशाला हसला ते मला अजून माहीत नाही.
गंगावेशीपर्यंत सोडायला येऊ का म्हटलं तर म्हणाला,
"रस्ता मला येतो. तू तुझा बघ."

त्या संध्याकाळी बाबांनी बंद पडत आलेल्या मोटारीवर
स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली,
डोळे मिटले : "बेअरिंग गेलंय."
रोज बघत होते मी. त्या दिवशी पहिल्यांदा
शेजारी उभी राहिले.
तीन तास, आपला एक शब्दही मध्ये न घालता
मी कुणाचं ऐकलं होतं याआधी?
आईचंसुद्धा नाही.

तौफिकला किती मार्क पडले, विचारलं नाही.
प्रमाणपत्र आलं. त्यावर 'पल्लवी' छापलंय.
मी पालवी. दुरुस्त करून आणायचं राहिलं,
अजून राहिलंय.

पुढे चार वर्षं लिहिलं. समाजशास्त्र, बँकेच्या परीक्षा,
एकदा एका चाळिशीतल्या बाईंची दहावी,
भूमितीत दोघीही रडकुंडीला.

नियम असा आहे :
लेखनिक परीक्षार्थ्यापेक्षा कमी शिकलेला हवा.
मी शिकत गेले, आणि निरुपयोगी होत गेले.

आता पोरं गोळा करते.
तालमीच्या कट्ट्यावरून, मैदानावरून.
यंदा दिग्विजय चौगले मिळालाय,
पेठेच्या संघाचा गोलकीपर, गुडघा फुटलेला,
म्हणून महिनाभर रिकामा.
"ताई, मिळणार काय?"
चहा, म्हटलं.
"आणि?"

वर्गाच्या दारात त्याच्या खिशाला पेन लावलं.
उजव्या हाताचा आहे. अक्षर बरं आहे.
एकच गोष्ट सांगितली :

उगाच थांबू नकोस रे.
ऐकू जातं.